तळाशी ठेवलेलं भोक

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) १९५० च्या दशकातल्या गाड्यांखाली आडवं होऊन पाहिलं, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या क्लच हाउसिंगच्या अगदी तळाशी एक बारीक भोक दिसतं. भोकात एक स्प्लिट पिन सैल लोंबकळत असते. ती काहीच धरून ठेवत नाही. गाडी चालताना हादऱ्यांनी तिनं हलत राहावं आणि भोक चिखलानं किंवा तेलाच्या मळीनं बुजू नये, एवढंच तिचं काम. आणि भोक कशासाठी, तर इंजिनाच्या मागच्या टोकातून गळणारं तेल क्लच प्लेटवर न चढता खाली रस्त्यावर पडून जावं यासाठी. म्हणजे तेल गळणार हे इंजिन आखणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं आणि गळालेल्या तेलाला वाट करून दिली होती. आज गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसला तरी आपण मेकॅनिकला बोलावतो. त्या पिढीला जी गोष्ट गाडीच्या स्वभावात बसत होती, ती आपल्याला बिघाड का वाटते? रबर सुधारलं, हे याचं नेहमीचं उत्तर. ते चूक नाही, पण अपुरं आहे. माझं म्हणणं असं की गळती थांबली ती फटी बुजवल्यामुळे जितकी, तितकीच, किंबहुना थोडी जास्तच, इंजिनाच्या पोटातला दाब काढून घेतल्यामुळे. इतिहासाची ही दुसरी बाजू विसरली गेली, म्हणूनच आजही सील बदलल्यावर चार महिन्यांत गळती परत येते आणि दोष मात्र सीलला दिला जातो.

इंजिनात घातलेलं तेल इंजिनातच राहायला हवं, ही कल्पनाच मुळात उशिरा आली. सुरुवातीच्या अनेक मोटारींत तेल थेंबाथेंबानं दिलं जाई. चालकासमोर काचेच्या छोट्या कुप्या असत. त्यांतून ठिबकणारं तेल नळ्यांवाटे बेअरिंगपर्यंत पोचे, आपलं काम करी आणि खालून निघून जाई. ते परत आणण्याची सोय नव्हती, तशी अपेक्षाही नव्हती. पहिल्या महायुद्धातल्या नोम बनावटीच्या फिरत्या विमान-इंजिनांनी तर एरंडेल असंच उधळलं: टाकीतून इंजिनात आणि इंजिनातून बाहेर हवेत. कॅस्ट्रॉल हे १९०९ चं नाव याच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून, पडलेलं. १९०८ ची फोर्डची मॉडेल टी ही त्यापुढची पायरी. तिच्यात तेल चेंबरमध्ये साठत असे, पण पंप नव्हता. फ्लायव्हील तेल उडवी, त्यातलं काही एका नळीतून पुढे वाही आणि बाकीचं काम शिंतोड्यांवर भागे. पातळी पाहायला डिपस्टिक नव्हती, खाली एकावर एक असे दोन लहान नळ होते. वरचा उघडल्यावर तेल आलं तर चिंता नाही. खालच्यातूनही आलं नाही तर गाडी जागीच उभी करायची. अशा इंजिनात किती तेल जळलं आणि किती सांडलं याचा हिशेब कुणी वेगळा ठेवत नसे. दोन्ही मिळून तेलाचा खप.

हा हिशेब बदलला पंपामुळे. इंग्लंडातल्या बेलिस अँड मॉरकम कंपनीनं १८९० मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनांसाठी पंपाच्या दाबानं बेअरिंगना तेल पुरवण्याची पद्धत आणली आणि पुढच्या काही दशकांत ती मोटारींतही रुळली. बेअरिंग जास्त टिकू लागली, इंजिनं अधिक वेगानं फिरू लागली. पण बेअरिंगच्या कडांतून निसटणारं तेलही आता जोरानं बाहेर पडू लागलं. क्रँकचं पुढचं टोक पुलीसाठी आणि मागचं टोक फ्लायव्हीलसाठी इंजिनाबाहेर काढावंच लागतं. फिरता किंवा सरकता दांडा भिंतीतून बाहेर काढायचा आणि त्याच्याभोवतीची फट मात्र बंद ठेवायची, हा पेच वाफेच्या इंजिनवाल्यांना जुना होता. त्यांचं उत्तर म्हणजे ग्लँड पॅकिंग: दांड्याभोवती तेला-चरबीत भिजवलेला ताग-सुताचा दोर गुंडाळायचा आणि वरून नट आवळून तो दाबायचा. फार आवळलं तर दोर जळतो आणि दांड्यावर चर पडतो, म्हणून थोडं पाझरू द्यायचं, हा त्या कामातला नियमच होता. परळच्या रेल्वे कारखान्यात आणि गिरणगावातल्या इंजिनघरांत ही विद्या मुंबईत मोटारी येण्याआधीपासून नांदत होती. आपल्याकडे गॅस्केट कागदाचं असो, कॉर्कचं असो की रबराचं, मेकॅनिक त्याला आजही ‘पॅकिंग’ म्हणतो. हा शब्द वाफेच्या इंजिनघरातून मोटारीच्या गॅरेजात आला असावा, आणि थोडं पाझरलं तर चालतं ही समजही त्याच्याच बोटाला धरून आली असावी, असं मला वाटतं.

मोटारीनं सुरुवातीला हीच सामग्री वापरली. क्रँकच्या मागच्या टोकाशी खाचेत बसवलेला अ‍ॅस्बेस्टॉसचा ग्रॅफाइट लावलेला दोर अमेरिकी गाड्यांत कित्येक दशकं होता. चेंबरला आणि टॅपेट कव्हरला कॉर्क, टायमिंग कव्हरला जाड कागद, आणि वरून शेलॅकचा हात. हे शेलॅक म्हणजे आपली लाख. छोटा नागपूरच्या जंगलात कुसुम-पळसावर वाढणाऱ्या किड्याची राळ स्पिरिटमध्ये विरघळवलेली. प्रत्येकाची खोड वेगळी. कॉर्क उन्हाळ्यात पडून राहिला की सुकून आखडतो, आणि बोल्टची भोकं जुळेनाशी होतात. दोर झिजला की पुन्हा फुगत नाही. साधं रबर तर निरुपयोगीच, कारण झाडाच्या चिकापासून केलेलं रबर खनिज तेलात फुगून लिबलिबीत होतं. म्हणून फिरत्या दांड्यांना चामडं वापरलं जाई. जर्मनीत वाइनहाइम इथली फ्रॉइडेनबर्ग ही मुळात कातडी कमावणारी पेढी. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसला तेव्हा ती चामड्याच्या सीलांकडे वळली. तिथल्या वाल्टर सिमर या ऑस्ट्रियन इंजिनिअरच्या नावानं ओळखली जाणारी कडी, म्हणजे धातूच्या चौकटीत बसवलेली, स्प्रिंगनं दांड्याला टेकून राहणारी पातळ ओठाची सील, १९३६ पासून तेल न पिणाऱ्या कृत्रिम रबरात बनू लागली. आज गॅरेजमध्ये जिला ‘ऑइल सील’ म्हणतात तिचा हा जन्म. १९५७ मध्ये ड्यूपाँटचं व्हिटॉन आलं आणि सीलला भरपूर उष्णताही सोसू लागली. अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल इथंच एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुनं पॅकिंग पात्यानं कोरडं खरवडायचं आणि धूळ तोंडानं फुंकायची, हे कित्येक वर्षं रोजचं काम होतं. अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोग घडवतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गळती थांबवण्याची किंमत कोणी फुप्फुसांनी मोजली, ते कुठल्याही दुकानाच्या वहीत लिहिलेलं नाही.

आता त्या भोकाकडे परत येतो, कारण खरी गंमत पुढेच आहे. सिमरची कडी रबरात आल्यानंतर दोन दशकांनीही बीएमसीचं बी-सीरिज इंजिन मागच्या टोकाला रबरी सीलशिवायच बनत होतं. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिन ते हेच. तिथे क्रँकवर मळसूत्रासारखे आटे कापलेले असत आणि त्यांच्याभोवती केसाएवढी फट सोडून धातूचं कवच. क्रँक फिरला की आटे तेलाला मागे, इंजिनाच्या पोटात ढकलत. कशाला काही घासत नाही, म्हणून झिजत नाही, जळत नाही. कागदावर अतिशय सुंदर रचना. पण तिचं यश दोन गोष्टींवर अवलंबून होतं. एक, क्रँक फिरत असला पाहिजे. इंजिन बंद करून गाडी चढावर नाक वर करून उभी केली की मागच्या बेअरिंगशी साचलेलं तेल आरामात पाझरणार. दोन, इंजिनाच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असता कामा नये. आट्यांची ढकल फार दुबळी असते. आतून हवेनं रेटा दिला की ती हरते. पहिल्या गोष्टीसाठी तळाचं भोक ठेवलं होतं. दुसऱ्या गोष्टीसाठी आखणाऱ्यांनी एक पाइप ठेवला होता, आणि गळतीचा पुढचा सगळा इतिहास त्या पाइपात आहे.

पेट्रोल जळून पिस्टनवर रेटा आला की त्यातला थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली क्रँकच्या पेटीत निसटतो. नवंकोरं इंजिनही याला अपवाद नाही; रिंगा आणि लाइनर झिजले की हे प्रमाण वाढत जातं. आपले मेकॅनिक याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, आणि हा शब्द मला अचूक वाटतो. हा वायू बाहेर काढला नाही तर पेटीत दाब वाढतो आणि तो जिथून जमेल तिथून, तेलाला सोबत घेऊन, वाट काढतो. त्यासाठी ब्रीदर पाइप. जुन्या गाड्यांत तो इंजिनाच्या बाजूनं खाली रस्त्याकडे उतरत असे आणि त्याचं टोक तिरकं कापलेलं असे. गाडी धावताना खालून वाहणारा वारा त्या टोकाशी ओढ निर्माण करी आणि आतला वायू खेचून घेई. म्हणजे ही ओढ गाडी धावत असेल तरच. सिग्नलला, स्टँडवर, घाटात पहिल्या गिअरमध्ये रखडताना पाइपाला वारा नाही, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिन गरम. झिजलेलं इंजिन, बुजत चाललेला पाइप आणि शहरातली रखड, या तिघांनी मिळून जेवढं तेल रस्त्यावर सांडलं तेवढं फाटक्या पॅकिंगनं सांडलं नसेल.

हा पाइप बदलला, पण तेलाच्या डागामुळे नव्हे. लॉस एंजेलिसवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून डोळे चुरचुरवणारं धुरकं बसू लागलं. कॅल्टेकमधले डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवून दिलं की मोटारींतून निसटणारी न जळलेली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी खेळून हे धुरकं तयार होतं. मग शोध सुरू झाला की ही हायड्रोकार्बन मोटारीच्या कुठल्या भागातून येतात. सगळ्यांचं लक्ष सायलेन्सरकडे होतं. पण पाचवा ते चौथा हिस्सा या साध्या ब्रीदर पाइपातून येतो, असं आढळलं. उपाय सोपा होता आणि युद्धकाळातल्या रणगाड्यांत वापरूनही झाला होता: पाइप रस्त्याकडे न सोडता एका झडपेतून इंजिनाच्या इनटेकला जोडायचा, म्हणजे इंजिन स्वतःचाच श्वास ओढून जाळून टाकील. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या गाड्यांपासून ही पीसीव्ही झडप आली आणि १९६३ पर्यंत अमेरिकेच्या बाकी भागातल्या नव्या गाड्यांतही पोचली. हेतू आकाश साफ करण्याचा. पण आतल्या वायूला बाहेर ढकलण्याऐवजी आता त्याला ओढून घेतलं जात होतं, आणि पेटीत दाबाऐवजी किंचित ओढ राहू लागली. जिथे बारीक फट होती तिथून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाऊ लागली. लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं जगभरच्या गॅरेजांची फरशी कोरडी केली, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

यावर कोणी म्हणेल की याच काळात रबरी सीलही सर्वत्र आल्या, मग श्रेय झडपेला का? आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्णपणे खोडून काढता येईल असा माझा दावा नाही. झिजलेला दोर किंवा सुकलेला कॉर्क ओढ असली तरी पाझरतोच. पण बी-सीरिज इंजिनाचाच पुढचा इतिहास पाहा. एमजीबी या गाडीतल्या याच घराण्यातल्या १७९८ सीसी इंजिनाला १९६४ च्या फेब्रुवारीत बंद श्वासाची व्यवस्था मिळाली, तेव्हा मागच्या टोकाला अजून तेच आटे होते. रबरी ओठाची सील असलेलं पाच बेअरिंगचं इंजिन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलं. म्हणजे दाब आधी काढला, फट नंतर बुजवली. शिवाय सीलचा ओठ असतो किती? दोन-तीन दशांश मिलिमीटरची ती टेकण आणि तिच्यामागची बांगडीएवढी स्प्रिंग. तिच्यावर आतून सतत दाब आला तर उत्तम व्हिटॉनची सीलही ओठ उलटून टाकते, नाहीतर लवकर कडक होऊन तडकते. चांगलं रबर गळती थांबवतं ते दाब नसताना. दाब असेल तर ते फक्त तिला उशीर करतं. सामग्रीचा वाटा मोठा आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा, हे माझं मत या क्रमावर उभं आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. भारतीय गाड्या गळत होत्या त्या परवाना-राजमुळे, बंद बाजारात कोणी सुधारणा केली नाही म्हणून, असं सर्रास म्हटलं जातं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर ज्यांना देशात सुटे भाग बनवायचे नव्हते त्यांना जावं लागलं; १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. उरल्या त्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची वालचंद हिराचंदांची प्रीमियर, मद्रासची स्टँडर्ड आणि जीपवाली महिंद्र अशा मोजक्या कंपन्या. मग अ‍ॅम्बेसेडरनं ते १४८९ सीसीचं आट्यांचं इंजिन १९५९ पासून तीन दशकांहून अधिक काळ वापरलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस इसुझूचं १८१७ सीसी इंजिन आलं तेव्हा कुठे ती पिढी मागे पडू लागली. तेव्हा आक्षेपात तथ्य आहेच. पण तो एक गोष्ट नजरेआड करतो. मूळ ब्रिटिश गाडीचं इंजिन मायदेशात जितकं चाले, त्याच्या कित्येक पट ते इथे चाललं. गाडी भंगारात काढण्याऐवजी इथे बोअर केलं, नव्या रिंगा घातल्या, पुन्हा बोअर केलं, शेवटी लाइनर ठोकले. प्रत्येक दोन दुरुस्त्यांच्या मधल्या काळात बॅक कॉम्प्रेशन वाढत जायचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली १०८९ सीसीची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तर दोन-दोन पाळ्यांत, रहदारीत रखडत, स्टँडवर इंजिन चालू ठेवून चालवली जाई. ब्रीदरला वारा मिळण्याची वेळच कमी. या गाड्या गळत होत्या त्यात कारखान्याचा दोष होता तसा त्यांच्या दीर्घायुष्याचाही हात होता.

त्या दीर्घायुष्यातूनच इथल्या गॅरेजांत निदानाची एक रीत तयार झाली, आणि ती नीट लिहून ठेवण्याजोगी आहे. पहिलं काम इंजिन धुण्याचं. जुन्या मळीत नवी गळती दिसत नाही. रॉकेलनं किंवा डिझेलनं ब्रशानं घासून इंजिन धुवायचं, हवा मारून कोरडं करायचं, पाच-दहा किलोमीटर चालवायचं आणि मग पाहायचं. सांधा सापडत नसेल तर संशयाच्या जागी खडूची किंवा टाल्कमची पूड उडवायची. तेल पुढे सरकलं की पुडीत त्याची ओली रेघ उमटते. दुसरा नियम, वरून खाली या. तेल उतारानं खाली जातं आणि धावत्या गाडीच्या वाऱ्यानं मागे सरकतं, म्हणून जिथे थेंब पडतो तिथे गळती क्वचितच असते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून क्लच हाउसिंगच्या त्याच तळाच्या भोकातून टपकतं, आणि अननुभवी माणूस मागची सील गेली असं समजून गिअरबॉक्स उतरवतो. शंभराच्या पॅकिंगच्या कामाला दोन दिवसांची मजुरी. तिसरा नियम नाकाचा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, ब्रेक ऑइल बोटांना वेगळं लागतं, इंजिन ऑइल काळं आणि जळकट. खालून टपकतंय ते कुठलं, हे ठरल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. आणि चौथा, जो चांगले मिस्त्री आधी करत: चालू इंजिनावर तेल भरायचं झाकण उघडायचं. तिथून फुसफुस करत निळसर धूर येऊ लागला, डिपस्टिक आपोआप वर उचलली जाऊ लागली, तर पॅकिंगला हात लावण्यात अर्थ नाही. ब्रीदर साफ करा, तरीही धूर राहिला तर रिंगांचं पाहा.

दुरुस्तीतही हाताची समज लागे. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टाभोवती आत दबलेली असते, कारण आधीच्या कुणीतरी गळती थांबवायला बोल्ट दामटून आवळलेला असतो. मधला पत्रा त्यामुळे वर फुगतो आणि गळती आणखी वाढते. ती कड ऐरणीवर उलटी धरून गोल तोंडाच्या हातोडीनं एकेका भोकाभोवती सपाट करायची, मगच नवं कॉर्क. पॅकिंग बाजारात मिळत नसलं तर कागदाचा ताव भागावर ठेवून कडेनं हातोडीचे हलके ठोके द्यायचे. धातूची धारच कागद कापते आणि जागचं माप चुकत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या किंवा पुण्यातल्या नाना पेठेच्या दुकानांत तयार पॅकिंगचे सेट लटकू लागल्यावर ही कला मागे पडली. नंतर सिलिकॉनच्या ट्यूब आल्या. उत्तम वस्तू, पण जादा लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूलाही तितकंच बाहेर येतं, तुटून चेंबरमध्ये पडतं आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. बाहेरची गळती थांबवताना आतलं तेल थांबल्याची उदाहरणं अशानं घडतात.

इतकी उठाठेव कशाला, महिन्याला अर्धा लिटर तेल वरून घातलं की झालं, असा तिसरा आक्षेप टॅक्सीच्या अर्थशास्त्राचा. तो हिशेबानंच तपासू. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला चौदाशे चाळीस थेंब, सुमारे बहात्तर मिलिलिटर. चौदा दिवसांत लिटर. सुमारे चार लिटर तेल मावणाऱ्या इंजिनात दोन आठवड्यांत पाव साठा गेला. रोज डिपस्टिक पाहणाऱ्या चालकाला ते परवडत असेल, पण ही सवय गाडीबरोबर विकत मिळत नाही. शिवाय तेल जिथे पडतं तिथे ते काही करत असतं: क्लच प्लेट भिजली की क्लच घसरतो, इंजिन माउंटिंगचं रबर फुगतं, गरम सायलेन्सरवर पडलं तर धूर आणि कधी आग. वरून घालणं परवडतं ते फक्त गळतीचं मूळ माहीत असेल तेव्हा. मूळ माहीत नसताना घातलेलं तेल म्हणजे निदान पुढे ढकलणं. आणि रस्त्यावर सांडलेलं ते काळं तेल पावसाळ्यात गटारातून मिठीत किंवा मुठेत जातं, हा खर्च तर त्या हिशेबात कधीच धरला गेला नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली, आणि मध्यमवर्गाची गळतीबद्दलची समज एका दशकात बदलली. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील, बंद श्वास. गाडीखाली कोरडी फरशी असू शकते हे लोकांनी प्रथमच रोज पाहिलं. त्याबरोबर गळती अधिक गंभीरही झाली, कारण आता टायमिंग चेनच्या जागी रबरी पट्टा होता आणि कॅमच्या सीलमधून झिरपलेलं तेल तो पट्टा खातं. तुटला की इंजिन जागीच थांबतं. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर थेंबावरून गळती ओळखणाऱ्या मिस्त्र्यांची मोठी शाळाही बंद झाली. आता त्या विद्येची गरज काय, हा शेवटचा आक्षेप. गरज आहे, कारण श्वास अजून तसाच घ्यावा लागतो. नव्या गाड्यांत पीसीव्ही झडप अनेकदा टॅपेट कव्हरच्या प्लॅस्टिकमध्येच बसवलेली असते, आत पातळ रबरी पडदा असतो. तो पडदा चिरला किंवा नळी मळीनं बुजली की दाब पुन्हा वाढतो आणि सर्वांत कमजोर सील पहिली हरते. संगणकाचा स्कॅनर इंजिनाचे शंभर आकडे दाखवतो, पण तेल कुठून उतरतंय हे अजून तरी टॉर्च घेऊन डोळ्यांनीच पाहावं लागतं. म्हणून तुमच्या गाडीखाली डाग पडला आणि कोणी गिअरबॉक्स उतरवून मागची सील बदलण्याचा खर्च सांगितला, तर हो म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा: इंजिन धुऊन पाहिलं का, आणि ब्रीदर साफ केला का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर गाडी घरी घेऊन या.